मूळ स्वरूपातली जीप

विकणाऱ्याने मला एकच गोष्ट खरी सांगितली होती : "पाऊस आला की भिजाल." बाकी सगळं, म्हणजे इंजिन ठणठणीत आहे, पत्रा ओरिजिनल आहे, कागद क्लिअर आहेत, हे कमीअधिक खोटं निघालं.

जीप खालापूर तालुक्यातल्या एका आमराईत उभी होती. हूडची ताडपत्री चिंध्या होऊन लोंबत होती, टायर बसले होते आणि मागच्या बाकड्याखाली एका कोंबडीने संसार थाटला होता. पासिंग १९७४ चं. म्हणजे माझ्या बाबांपेक्षा सहा वर्षांनी लहान आणि माझ्यापेक्षा तेवीस वर्षांनी मोठी. त्याने दोन लाख दहा हजार सांगितले, एक लाख पंच्याऐंशीला तुटलं. दुरुस्तीला एक लाख धरले होते. मी सॉफ्टवेअरवाला. आमच्या धंद्यात अंदाज चुकतो हे मला माहीत आहे, तरी जाहीर केलेल्या अंदाजावर आमचा दरवेळी नव्याने विश्वास बसतो.

कन्व्हर्टिबल म्हटलं की आपल्याला सिनेमातली लाल गाडी आठवते, नाहीतर दसऱ्याला कोल्हापुरात छत्रपतींच्या घराण्याची निघणारी ती देखणी मेबॅक. त्या गाड्या बघायच्या असतात. सामान्य मराठी माणूस ज्या उघड्या टपाच्या गाडीत खरोखर बसला, ती म्हणजे जीप. तहसीलदाराची, फॉरेस्टवाल्यांची, प्रचाराची, लग्नाच्या वरातीची. घाटावर वडापची. कापडी टप, पुढे बॉनेटवर आडवी होणारी काच, दाराच्या जागी काहीच नाही. आमच्या पळसदरीत पावसाळ्यात धरणाकडे जी नव्या थारची रांग लागते, तिच्या आजीची ही गोष्ट.

जुनी जीप घेऊन फसलेला मी पहिला नाही. स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळा याच विषयावरचा आहे.

१९४८. काश्मीरमध्ये लढाई चालू होती आणि सैन्याला गाड्या हव्या होत्या, लगेच हव्या होत्या. लंडनमधले आपले उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी तिथल्या एका कंपनीशी वापरलेल्या, दुरुस्त केलेल्या जीपांचा करार केला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने सहा लाखांहून जास्त जीपा बनवल्या होत्या. विलीजने आणि फोर्डने मिळून. युद्ध संपल्यावर त्या जगभर भंगारासारख्या पडून होत्या. त्यातल्या निवडून, नीट करून द्यायच्या असा सौदा. रक्कम ८० लाखांच्या घरातली. नेहमीची पद्धत बाजूला ठेवलेली, बरेचसे पैसे आगाऊ दिलेले. प्रत्यक्षात भारतात उतरल्या १५५ जीपा, आणि त्याही सैन्याच्या उपयोगाच्या नाहीत असं ठरलं. संसदेत गदारोळ झाला, चौकशीची मागणी झाली. १९५५ मध्ये गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण सरकारच्या दृष्टीने संपलं असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी मेनन मंत्रिमंडळात आले. १९५७ आणि १९६२ ला ते निवडून आले ते आपल्या उत्तर मुंबईतून. पैसे खाल्ल्याचं कुणावर सिद्ध झालं नाही.

भ्रष्टाचाराचा भाग इतिहासकारांवर सोडू. मला त्यातला गाडी घेणारा दिसतो. जुन्या गाडीच्या व्यवहारात तीन चुका असतात : गरज विकणाऱ्याला कळू देणं, गाडी न तपासता पैसे देणं, आणि 'दुरुस्त केलेली' या शब्दावर विश्वास ठेवणं. त्या व्यवहारात तिन्ही झाल्या. मीही तिन्ही केल्या, फक्त माझ्याकडे युद्धाचं कारण नव्हतं.

गाडी टोचन लावून खोपोलीला आणली तेव्हा मिस्त्रीकाकांनी पाच मिनिटांत माझी परीक्षा घेतली. खिशातून लोहचुंबक काढला, मडगार्डवर ठेवला. खाली पडला. "इथं पत्रा नाही, पुटी आहे." स्क्रू ड्रायव्हर घेऊन ड्रायव्हरच्या पायाखाली टोचला, तो मुठीपर्यंत आत गेला. पुढचं चाक जॅकवर उचलून वर-खाली हलवलं, खडखड आवाज आला. किंगपिन संपलेली. मग चेसीवरचा नंबर घासून आरसी बुकाशी ताडून पाहिला. तो मात्र जुळला. "हे एक बरं केलंस, इंजिनियर. गाडी चोरीची नाही." हे बरं मी केलं नव्हतं, ते नशिबाने झालं होतं.

या गाडीचा भारतातला जन्म आपल्या मुंबईतला आहे. १९४५ च्या २ ऑक्टोबरला के. सी. महिंद्रा, जे. सी. महिंद्रा आणि मलिक गुलाम मुहम्मद यांनी पोलादाचा व्यापार करायला एक कंपनी काढली, नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद'. दोन वर्षांत फाळणी झाली. गुलाम मुहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ मध्ये पाटी बदलून 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाली. लोक सांगतात की आद्याक्षरं तीच ठेवल्याने छापलेले कागद वाया गेले नाहीत. खरं-खोटं ते जाणोत, पण काटकसरीची ही गोष्ट जीपला शोभते. १९४७ मध्येच विलीजच्या पहिल्या ७५ गाड्या सुट्या भागांत आल्या होत्या आणि लवकरच माझगावात त्यांची जुळणी सुरू झाली. १९५४ पासून विलीजच्या सहकार्याने भाग इथेच बनू लागले.

माझी जीप ज्या घराण्यातली, ते सीजे-३बी मॉडेल अमेरिकेत १९५३ ला आलं. ते दिसायला जरा बेढब. बॉनेट उंच, कपाळ मोठं असल्यासारखं. कारण सरळ आहे. विलीजने 'हरिकेन' नावाचं नवं इंजिन बनवलं. जुन्या इंजिनात दोन्ही व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये असत, नव्यात इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेला. ताकद वाढली, इंजिनही उंच झालं आणि जुन्या बॉनेटखाली मावेना. नवी बॉडी आखण्याऐवजी त्यांनी बॉनेटच वर उचललं. डेडलाइनला केलेला हा जुगाड अमेरिकेत १९६८ पर्यंत चालला, जपानमध्ये मित्सुबिशीने थेट १९९८ पर्यंत चालवला आणि आपल्याकडे तर तो जीपचा चेहराच होऊन बसला. आमच्या खोपोलीचाही या घराण्याशी संबंध आला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या 'महिंद्रा युजीन'चा मिश्रधातूच्या पोलादाचा कारखाना इथे उभा राहिला. गिअर, शाफ्ट, अॅक्सल ज्याचे बनतात ते पोलाद. माझ्या जीपच्या पोटात त्यातलं किती आहे हे सांगता येणार नाही, पण तिचा पत्रा ज्यांनी वेल्ड केला ते काका त्याच कारखान्यातून निवृत्त झालेले.

आता पत्र्याकडे येऊ, कारण पैसे तिथेच गेले.

बंद गाडी आणि उघडी गाडी यांच्यातला खरा फरक टपाचा नसून तळाचा असतो. बंद गाडीवर पाणी बाहेरून पडतं. उघड्या गाडीत ते आत येतं आणि राहतं. ताडपत्री कितीही चांगली असली तरी शिवणीतून पाझरते, बाजूंनी झड येते. कर्जत-खालापूरचा पाऊस डोंगराला अडून पडतो, चार महिने. तळाच्या पत्र्याखाली मजबुतीसाठी चॅनल असतात, त्यांत चिखल बसतो, तो दिवाळीपर्यंत ओला असतो. गंज वरून दिसत नाही. रबरी मॅट उचलली की तळ नसतोच. शिवाय टप नसल्यामुळे सगळा भार चेसी आणि तळावर. तळ गेला की बॉडी वाकते, बॉडी वाकली की काचेची चौकट बसत नाही, चौकट बसली नाही की नवं हूड ताणून बसत नाही. म्हणून हूड आणि सीट मिळून २३ हजारांत झालं, पण ते हूड ज्यावर बसतं ती जागा सरळ करायला पत्र्याचे ६२ हजार लागले. तयार बॉडी मागवता आली असती. हरियाणातलं मंडी डबवाली हे गाव जीपा बांधण्यासाठीच प्रसिद्ध आहे. काका म्हणाले, "मग जुनं काय राहील? नंबर प्लेट?"

तळ कापताना एक तुकडा निघाला. कुणीतरी कधीतरी भोक बुजवायला तेलाच्या पिंपाचा पत्रा कापून लावला होता. उलट्या बाजूला कंपनीच्या नावाची अर्धी अक्षरं शाबूत होती. वेल्डिंग नव्हे, रिव्हेट. म्हणजे जिथे वीज नव्हती किंवा वेल्डिंगवाला नव्हता अशा ठिकाणी केलेलं काम. मडगार्ड खरवडल्यावर रंगांचे थर निघाले : करडा, त्याखाली क्रीम, त्याखाली पांढरा, सगळ्यात खाली हिरवट. मागच्या पाट्याची एक पिन ट्रॅक्टरची होती. आणि बॉनेटखाली हरिकेन नव्हतंच. तिथे डिझेल होतं.

आमच्याकडे कोडमध्ये कुणी, कधी, काय बदललं याची नोंद राहते. जुन्या प्रोजेक्टवर बसलं की आधी ती नोंद वाचायची असते. या जीपची नोंद पत्र्यावर लिहिलेली होती आणि मी ती पॉलिश पेपरने पुसत होतो.

डिझेलचं वाचन सोपं आहे. १९७३ च्या ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध झालं, तेलाचे भाव काही महिन्यांत चौपट झाले. माझी जीप १९७४ ची, म्हणजे नेमकी चुकीच्या वेळी जन्मलेली पेट्रोल गाडी. लिटरला सात-आठ किलोमीटर देणारं इंजिन तेव्हा कुणाला परवडणार? गावोगावच्या गॅरेजांनी जीपांची पेट्रोल इंजिनं उतरवून डिझेल बसवायला सुरुवात केली. ट्रॅक्टरची बसवली, मिळतील ती बसवली. कंपनीनेही तीच वाट धरली. आधी ट्रॅक्टरच्या घराण्यातलं इंजिन, पुढे ऐंशीच्या दशकात फ्रान्सच्या प्यूजोचं २११२ सीसी डिझेल, ते इगतपुरीच्या कारखान्यात बनत असे. माझ्या जीपमध्ये हे प्यूजोचंच निघालं. कुणीतरी ते बसवलं, रीतसर आरसी बुकात इंधनाच्या रकान्यात नोंद करून घेतली आणि गाडी भंगारात जायची वाचवली. उतरवलेली हरिकेन इंजिनं मात्र वजनावर विकली गेली. म्हणून आज ती महाग आहेत.

आणि इथे कायदा येतो.

जुलै २०२१ मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने विंटेज गाड्यांसाठी नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली, चेसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी विंटेज. नव्याने नोंदणी होत असेल तर तिला 'व्हीए' अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, आधीच नोंदलेल्या गाडीला जुना नंबर ठेवता येतो, नव्या नोंदणीला २० हजार, पुढच्या फेरनोंदणीला ५ हजार, मुदत दहा वर्षं. रॅलीला, प्रदर्शनाला, दुरुस्तीला, पेट्रोल भरायला रस्त्यावर आणता येते. रोज वापरता येत नाही. माझी जीप २०२४ ला पन्नाशीची झाली. वयात बसते, इंजिनात बसत नाही.

विंटेज न केल्यास साधा रस्ता उरतो : दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण, तपासणी, पर्यावरण कर. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारींच्या नूतनीकरणाची फी १० हजार झाली. त्याआधी ती ५ हजार होती आणि २०२२ च्या आधी ६०० रुपये. माझे कागदांवर सगळे मिळून साडेबावीस हजार गेले, त्यात विमाही आला आणि आमराईवाल्याने न भरलेल्या गोष्टीही आल्या.

मला खूळ लागलं की गाडी 'मूळ स्वरूपात' आणायची. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्यात नाना पेठेत फिरलो. स्पेअर पार्टच्या दुकानांत जुन्या जीपचं सामान मागितलं की आधी आपल्याला नीट न्याहाळतात आणि मग भाव सांगतात. शेवटी ७० हजारांना एक हरिकेन मिळालं. ब्लॉक शाबूत, बाकी सगळं काम बाकी. ते बांधायला, त्याला जुळता गिअरबॉक्स, रेडिएटर, कार्ब्युरेटर आणायला काकांनी आणखी सव्वादोन लाखांचा अंदाज दिला. "आणि डिझेल उतरवून कुठं ठेवू?" त्यांनी विचारलं. "चालू इंजिन आहे हे. पंप मीच केलाय."

खरं होतं. त्या पंपावर, नोझलवर आणि रिंग-पिस्टनवर मी ५४ हजार दिले होते. ब्रेक, क्लच, पाटे, स्टिअरिंग मिळून साडेअठ्ठेचाळीस. रंग ४५, टायर साडेबत्तीस, वायरिंग-बॅटरी साडेसतरा. पत्रा, हूड आणि कागद वर सांगितलेच. दुरुस्तीची बेरीज ३ लाख ५ हजार, म्हणजे माझ्या अंदाजाच्या तिप्पट. खरेदी धरून ४ लाख ९० हजार. हरिकेनसकट ५ लाख ६०. 'मूळ स्वरूपात' आणायचं तर ७ लाख ८५. कापडी टपाची नवी थार २ ऑक्टोबर २०२० ला आली तेव्हा तिची सुरुवातीची किंमत ९ लाख ८० हजार होती. आई हे आकडे बघून एवढंच म्हणाली, "आणि हिला दारं कधी बसवणार?"

या आकड्यांकडे बघताना मला जे खटकलं ते पैशापुरतं नव्हतं. ही जीप पन्नास वर्षं जगली कारण तिला कुणी मूळ स्वरूपात ठेवलं नाही. पिंपाचा पत्रा, ट्रॅक्टरची पिन, प्यूजोचं इंजिन यातलं प्रत्येक काम स्वस्तात झालं, जवळ होतं त्या सामानात झालं आणि करणाऱ्याला ते येत होतं म्हणून झालं. आता मी तीन लाख मोजून ती सगळी कामं मिटवायची आणि गाडी १९७४ च्या कारखान्याच्या दारात नेऊन उभी करायची. मग कायदा तिला वारसा म्हणेल आणि तिने कर्जतच्या बाजारात जायचं नाही. ज्याने गाडी कधी पावसात काढलीच नाही त्याची गाडी मूळ स्वरूपात राहते. गॅरेजात झाकून ठेवायची ऐपत असलेल्याची. नियमाचा हेतू वाईट नाही, जुन्या गाड्यांना भंगारातून वाचवायला काही व्याख्या हवीच. पण त्या व्याख्येत काकांच्या पिढीचं काम 'फेरफार' या एका शब्दात बसतं, तेही अपात्रतेच्या बाजूला.

'मूळ' कोणाचं, हा वाद तर खुद्द कारखान्यांनाही सुटलेला नाही. २०१८ मध्ये महिंद्राने अमेरिकेत मिशिगनला 'रॉक्सर' नावाची उघडी गाडी जुळवायला घेतली. तिचा चेहरा थेट सीजे घराण्यातला, कारण महिंद्रा तो सत्तर वर्षं बनवत आले होते. जीप या नावाची मालकी तोवर हातोहात फिरत फियाट-क्रायस्लरकडे गेली होती. त्यांनी आमच्या जीपसारखी दिसते म्हणून तक्रार केली आणि २०२० मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने त्या रूपातल्या रॉक्सरवर बंदी घातली. महिंद्राला समोरचा भाग बदलावा लागला. माझ्या बॉनेटखाली फ्रेंच इंजिन आहे ते बरंच म्हणायचं, आणखी एक दावेदार वाढला.

हरिकेन आता आमच्या पडवीत ताडपत्रीखाली आहे. जीपच्याच जुन्या हूडचा जो तुकडा धड निघाला त्याखाली. विकायचं की बांधायचं ते ठरलेलं नाही. दर आठवड्याला एक जण फोन करून भाव विचारतो आणि मी सांगितला की हसतो.

पहिली लांब फेरी बोरघाटाची झाली, जुन्या रस्त्याने. आमच्या गावातून हा घाट दिवसरात्र ऐकू येतो. रेल्वेने १८६३ मध्ये चढवलेला, कर्जतला गाडीला जादा इंजिनं लावून ढकलावं लागतं तो. पळसदरीचं धरण वाफेच्या इंजिनांना पाणी पुरवायला बांधलं होतं. इंजिनं विजेची झाली, धरण राहिलं, आणि आता तिथे लोक सुट्टीत भिजायला येतात. काका बाजूच्या सीटवर बसले होते, पिंपाचा तो तुकडा मागे बाकड्याखाली होता. तो फेकू नको असं त्यांनीच सांगितलं होतं, तळाला पुढेमागे लागेल म्हणून. दुसऱ्या गिअरमध्ये रडतखडत शिंग्रोबाच्या देवळापाशी पोचलो. इंग्रजांना घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराचं ते देऊळ. गाडीवाले जाता जाता नाणं टाकतात. मी खिसे चाचपले, सुटे नव्हते. यूपीआयच्या जमान्यात असतात कुणाकडे? काकांनी दहाचं नाणं काढलं, चालत्या गाडीतून टाकलं आणि म्हणाले, "हे पण तुझ्या शीटमध्ये लिही." मग पाऊस आला.